साडेचौदा इंचांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. थांबा, लगेच कान टवकारू नका. जिच्यासाठी सभा गाजवतात आणि सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ती मी नव्हे. मी आपली साधी लाकडाची, दोन रुंद हातांची, गादी बसवलेली खुर्ची. परराष्ट्र खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर भेटीची खोली आहे, तिथे खिडकीला पाठ लावून मी उभी असते. माझ्या शेजारी, जरा तिरपी, माझी जुळी बहीण. आम्ही दोघी एकाच ओंडक्यातून निघालो. ती मंत्र्यांची आणि मी पाहुण्यांची, एवढाच काय तो फरक. पण त्या फरकानेच तिचे पाय शाबूत राहिले आणि माझ्या पायांचे हाल कुत्रा खाईना असे झाले.

त्याचं कारण सांगते. आमच्या देशात दोन मोठे पक्ष आहेत. एकाची निशाणी किल्ली, दुसऱ्याची घंटा. आणि समुद्रापलीकडे एक भलामोठा देश आहे. त्याच्याकडे धान्य, पैसा, विमानं, सगळंच आमच्या कितीतरी पट. खात्यातली माणसं त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं ‘थोरले’ म्हणतात. थोरल्यांचा निरोप आला, थोरले रागावलेत, थोरल्यांकडे पुन्हा मागायला जायचंय. घरात थोरल्या दिराचा जसा वचक असतो तसा तो शब्द कानाला लागतो.

किल्लीवाले निवडून आले की थोरल्यांशी गोडीगुलाबी सुरू होते. घंटावाले आले की ताठ मान. आणि ही गोडी किंवा ताठा लोकांना दिसायला हवा, म्हणून दर वेळी पहिला हात पडतो तो माझ्यावर.

मी जन्मले तेव्हा जमिनीपासून अठरा इंच होते, बहिणीइतकीच. पहिल्यांदा किल्लीवाले आले तेव्हा त्यांच्या मंत्र्यांनी सांगितलं, पाहुण्यांना मान द्या. खाली ठोकळे ठोकून मला वीस इंचांची केली. मग घंटावाल्यांनी ठोकळे काढलेच, वर माझ्या अंगचे दोन इंच कापून मला सोळावर आणलं. त्या वेळचे थोरल्यांचे राजदूत ताडमाड उंच होते. बसले तर गुडघे हनुवटीला लागले. ते चार मिनिटांत चहा न पिता उठले आणि पुढच्या आठवड्यात धान्याची तीन जहाजं अर्ध्या वाटेतून परत गेली. पुन्हा किल्लीवाले आले तेव्हा माझ्या पायांना चार-चार इंचांचे तुकडे खुंट्या मारून चिकटवले. मी परत वीसची झाले. सरकार पडलं की लोक पेपर उघडतात, मी मात्र करवतीची वाट बघते.

एक गोष्ट मात्र इतकी वर्षं शेजारी बसून मला कळली. दार उघडं असताना माणसं एक बोलतात आणि फोटोवाले बाहेर गेले की दुसरं. दारात हात जोडून वाकणारा किल्लीचा मंत्री आत एकेका शब्दासाठी तासभर भांडताना मी पाहिलाय. बाहेर गर्जना करणारा घंटेचा मंत्री आत ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणताना ऐकलाय. खरं काय, हे फक्त आम्हा दोघी बहिणींना ठाऊक.

आता मूळ गोष्टीवर येते. खात्याचे सुतार, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मागच्या आवारातल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करतात. मला सोळावर आणणं आणि परत वीसची करणं, ही दोन्ही कामं त्यांच्या हातची. हात हलका, तोंड कमी. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याच घरी राहते. तिचा नवरा मासेमारीच्या जहाजावर आचारी होता. एकदा भर समुद्रात त्या जहाजाचं इंजिन बंद पडलं, वाऱ्याने ते वाहवत थोरल्यांच्या हद्दीत गेलं आणि त्यांच्या पहारेकऱ्यांनी अकराच्या अकरा माणसं धरून नेली. हेर असतील, असा वहीम. आचाऱ्याकडे सापडलं काय, तर पाच मोठी पातेली आणि एक झारा.

मिस्त्री रंधा मारता मारता हे सगळं माझ्याशी बोलत. सुतार लाकडाशी बोलतोच, त्यात वेडेपणा काही नाही. “बहीण रोज विचारते, दादा, तुमच्या खात्यात काही हललं का. काय सांगू तिला,” ते म्हणत. “माझं खातं म्हणजे करवत आणि सरस.”

खरं तर हललं होतं. त्या वेळी किल्लीचं सरकार होतं आणि थोरल्यांच्या राजदूत एक बाई होत्या. साठीच्या, बुटक्या, मनगटावर मोठं घड्याळ. अकरा जणांना सोडण्याचा कागद तयार होता. त्या वाचायला बसणार, शंका विचारणार आणि सही करणार, असं ठरलं होतं. त्या आल्या, माझ्यावर बसल्या आणि मला कळलं की यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

वीस इंच म्हणजे त्यांना ओटाच. पाय लोंबकळू लागले. त्यांनी आपली चामडी बॅग खाली आडवी ठेवून त्यावर टाचा टेकल्या, तर बॅग सरकली. मग काठावर सरकल्या. माझ्या काठाची कड त्यांच्या मांडीत रुतत होती, पायांना मुंग्या येत होत्या, आणि चेहरा मात्र राजदूताला शोभेल असा ठेवावा लागत होता. वीस मिनिटांत त्या उठल्या. “बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरांनी लिहिलं, राजदूत खुर्चीच्या काठावर बसल्या, म्हणजे थोरल्यांच्या मनात नक्की काहीतरी शिजतंय. मोठमोठ्या जाणकारांनी त्यावर लेख पाडले. एकालाही वाटलं नाही की खाली वाकून बघावं. आणि तो पुढचा आठवडा आलाच नाही. मुदतीआधीच निवडणूक जाहीर झाली आणि घंटावाले जिंकले.

कागद कपाटात गेला. मिस्त्रींची बहीण रोज नवऱ्याची वाट बघत दारात उभी राहायची, ती बंद झाली. ती आता खिडकीतूनच बघते, असं मिस्त्री म्हणाले.

पाच महिन्यांनी घंटेच्या मंत्र्यांनी राजदूतबाईंना बोलावलं. भेट गुरुवारी साडेदहाला. सकाळी आठला मला उचलून कारखान्यात आणलं. सोबत शिष्टाचार विभागाच्या बाई होत्या. या बाईंनी सहा सरकारं पाहिली. कोणी आधी आत यायचं, कोणाचा पेला कुठे ठेवायचा, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या हातात चिठ्ठी होती.

“पंधरा इंच,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. “बाई, मंत्रिसाहेबांची अठरा आहे.”

“म्हणूनच. पाहुणे तीन इंच खाली दिसले पाहिजेत. भाषणात तसं सांगून झालंय.”

“मागच्या वेळी सोळावर आणली होती. काय झालं आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“आज आमच्या मेहुण्यांचा कागद आहे टेबलावर.”

बाईंना ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, कापू नका असं मी सांगू शकत नाही. दहाला खासगी सचिव टेप घेऊन येणार आहेत.” आणि त्या निघून गेल्या.

मिस्त्रींनी मला उलटं पालथं घातलं. चिकटवलेले चार इंच काढायला वेळ लागला नाही, मी सोळावर आले. आता उरलेला एक इंच माझ्या अंगचा होता. त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, करवत टेकवली आणि हात थांबला. “नाही,” ते पुटपुटले. “ती बाई उठून गेली तर बहिणीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” करवत बाजूला ठेवून ते काढलेले तुकडे पुन्हा हातात घेऊन बघू लागले. गुपचूप दोन इंच परत जोडावेत आणि काय होईल ते होवो, असं त्यांच्या मनात आलं असावं.

माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. करवतीचं नाव काढलं तरी माझा जीव घाबराघुबरा होतो. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, काप. काप रे बाबा, लवकर काप. त्या बाईंचे पाय मला माहीत आहेत, तुला नाहीत. अपमान करायला निघालेल्यांनी नकळत बरोब्बर माप सांगितलंय. पण लाकडाला जीभ नसते. मी नुसती पालथी पडून राहिले आणि मिस्त्री सरसाची डबी शोधू लागले.

डबीचं झाकण निघेना. ते चाकूने उचकटत असतानाच सचिव आत आले, ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. तरुण गृहस्थ, कोटाच्या खिशात स्वतःचा टेप. त्यांनी वाकून मोजलं.

“सोळा. पंधरा सांगितलं होतं.”

“साहेब, लाकूड कच्चं पडेल.”

“पडू दे. एक बैठक टिकली म्हणजे झालं. कापा, मी उभा आहे.”

मिस्त्रींनी कापलं. चारही पाय, एकेक इंच. भुसा पडत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी पडत होतं. सचिवांना वाटलं भुसा गेला असेल. मला दुखलं, खोटं कशाला बोलू, पण मी हूं की चूं केलं नाही.

साडेदहाला खोली भरली. फोटोवाले भिंतीला चिकटून उभे. घंटेचे मंत्री बहिणीच्या अंगावर ऐसपैस बसले. राजदूतबाई आत आल्या, त्यांनी मला बघितलं आणि त्यांची पावलं क्षणभर अडखळली. बुटकी खुर्ची त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. दाराशी मिस्त्री उभे होते, माझा पाय डुगडुगला तर पाचर मारायला म्हणून शिष्टाचारवाल्या बाईंनी त्यांना थांबवलं होतं.

त्या बसल्या. गादी दबली. दोन्ही बुटांचे तळवे गालिच्यावर टेकले, पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत. पाठ सरकत सरकत माझ्या पाठीला लागली. आणि त्यांनी एक सुस्कारा सोडला, इतका बारीक की फक्त मलाच ऐकू आला.

फोटोवाले बाहेर गेले. मंत्र्यांनी आवाज चढवून सुरुवात केली, आमचा देश कुणाचा मिंधा नाही वगैरे. दुभाष्याने तितक्याच जोरात ते पलीकडे पोहोचवलं. बाईंनी मान हलवून ऐकलं. चहा आला, त्यांनी तो प्यायला. दुसरा मागितला. पंचवीस मिनिटं झाली, चाळीस झाली. मंत्री बोलून बोलून दमले आणि मग हळू आवाजात म्हणाले, “ती अकरा माणसं माझ्या मतदारसंघातली आहेत. मला गावात शिरता येत नाही.”

“सहा जणांच्या चौकशा संपल्यात,” बाई म्हणाल्या. “ते या महिन्यात येतील. उरलेल्या पाच जणांसाठी तुमची लेखी हमी हवी, की तुमची जहाजं हद्द ओलांडणार नाहीत.”

त्या तास-सव्वातासाने उठल्या. सचिवांनी बाहेर जाऊन सांगितलं की तीन इंचांनी काम केलं, थोरले नमले. सगळे खूश झाले. मिस्त्री एकटेच आत आले, माझे पाय तपासायला गुडघ्यांवर बसले, आणि तसेच बसून राहिले. माझ्यासमोर गालिच्यावर बुटांचे दोन ठसे उमटले होते, लहान, खोल, जवळजवळ. किल्लीवाल्यांच्या बैठकीनंतरही ते असेच गुडघ्यांवर बसले होते, तेव्हा तिथे फक्त बॅग सरकल्याचा ओरखडा होता. त्यांनी ठशावर वीत ठेवली, मग माझ्या गादीची उंची बघितली. सुताराला माप सांगावं लागत नाही. “अरे देवा,” ते एवढंच म्हणाले.

सहा जण आले. आचारी त्यांत नव्हते.

आणि त्या हमीवरूनच सरकार पडलं. घंटेच्या सोबतचा एक छोटा पक्ष म्हणाला, हमी देणं म्हणजे लोटांगण घालणं. त्याने पाठिंबा काढला. पुन्हा निवडणूक, पुन्हा सभा, पुन्हा थोरल्यांच्या नावाने कंठशोष. पाच माणसं तिकडेच. मिस्त्रींच्या बहिणीने केस बांधायचंही सोडलंय, असं मी ऐकलं.

किल्लीवाले परत आले. शिष्टाचार विभागाच्या बाई कारखान्यात आल्या त्या चिठ्ठी घेऊनच.

“वीस इंच,” त्या म्हणाल्या. “सन्मान वाढवायचाय.”

मिस्त्री स्टुलावर बसले होते, ते उठले नाहीत. “बाई, मी हात लावणार नाही.”

“मिस्त्री, नोकरीची चार वर्षं राहिलीत तुमची.”

“राहू द्या. तुम्ही म्हणाल तेवढी उंच करतो, पण आधी बसणाऱ्या बाईंच्या पायाचं माप आणून द्या. तळव्यापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत.”

“मी काय विचारू? थोरल्यांच्या राजदूतांना? की तुमचे पाय किती लांब आहेत?”

“आपल्या घरी मुलगी बघायला आलेल्यांनासुद्धा आपण विचारतो, नीट बसलात ना. इतकी वर्षं आपण त्या बाईंना कधी विचारलं?” मग त्यांनी ठशांची हकीकत सांगितली. बाई ऐकत राहिल्या. सहा सरकारांत त्यांनी पेल्यांची, झेंड्यांची, दारांची मापं घेतली होती. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे त्या दिवशी वीस मिनिटांत...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर त्यांनाही म्हणावं लागलं असतं की तेव्हा खुर्ची मापाची असती तर अकराही माणसं त्याच वेळी घरी आली असती.

कारखान्यातल्या भिंतीवरचा फोन त्यांनी उचलला. थोरल्यांच्या वकिलातीत शिष्टाचार बघणाऱ्या माणसाला त्यांनी अगदी खात्याच्या आवाजात विचारलं, बसण्याच्या सोयीसाठी माहिती हवी आहे. पलीकडच्याने थांबायला सांगितलं. मिस्त्री रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग बाई कानाशी फोन धरून हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

“साडेचौदा,” फोन ठेवून त्या म्हणाल्या. “तिकडचा माणूस म्हणाला, तीन वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

चिठ्ठीचं काय करायचं, ते बाईंना बरोब्बर ठाऊक होतं. त्यांनी फाइलीत लिहिलं, ‘उंची पाहुण्यांच्या सोयीनुसार.’ पाहुण्यांची सोय म्हटल्यावर किल्लीवाल्यांचं तोंडच बंद. मिस्त्रींनी माझा अर्धा इंच स्वतःच्या मर्जीने कापला. फक्त नव्या मंत्र्यांना धास्ती वाटली की फोटोत आपण थोरल्यांपेक्षा उंच दिसू. मग माझ्या बहिणीलाही साडेचौदावर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पायाला करवत लागली. तिने जो काही करकराट केला, तो ऐकून मला वाईट वाटलं आणि, कबूल करते, थोडं बरंही वाटलं.

भेट अडीच तास चालली. मंत्र्यांचे गुडघे छातीशी आले होते, तरी गडी हटला नाही. इंजिन बंद पडून जहाज वाहवत गेलं तर तो गुन्हा धरू नये, एवढं एक वाक्य हमीत घालून घ्यायला त्यांनी दीड तास घेतला. राजदूतबाईंनी बॅग उघडून चष्मा काढला. मधलं टेबल फुलदाणीने अडलेलं होतं. म्हणून त्यांनी कागद माझ्या उजव्या हातावर ठेवला आणि पेन उचललं.

पाच नावं होती. प्रत्येक नावापुढे त्या सही करत होत्या, दाबून, कागदाखालच्या लाकडापर्यंत टोक पोहोचेल इतकी. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या नावाला त्या थांबल्या, चष्मा वर केला आणि विचारलं, “याच्याकडे काय सापडलं होतं?” दुभाष्याने कागद चाळून सांगितलं, “पाच पातेली, एक झारा.” दाराजवळ उभ्या असलेल्या मिस्त्रींनी चौकट धरली. बाईंनी मान खाली घातली आणि सही केली.

आचारी परत येऊन आता दोन महिने झाले. मिस्त्रींची बहीण पहाटे केस बांधून बाजारात जाते, असं मिस्त्री कामावर आल्या आल्या सगळ्यांना सांगतात. घंटावाले म्हणतात आमच्या ताठ मानेमुळे झालं, किल्लीवाले म्हणतात आमच्या मैत्रीमुळे. म्हणोत बापडे.

मी अजून तिथेच आहे, खिडकीला पाठ लावून. पाय आता इतके आखूड झालेत की यापुढे कापण्यासारखं काही उरलं नाही. थोरल्यांच्या देशातही निवडणूक लागलीय म्हणे. तिथे कोणी दुसरं निवडून आलं तर या बाई जातील आणि कदाचित पुन्हा एखादे ताडमाड गृहस्थ येतील. तेव्हा मला तोडून जळणात घातलंत तरी चालेल. फक्त नवी खुर्ची करण्याआधी त्यांच्या पायाचं माप घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

गेल्या आठवड्यात रंगारी माझे हात घासून चकचकीत करायला आला होता. मिस्त्रींनी त्याला उजव्या हाताला ब्रश लावू दिला नाही. तिथे पॉलिशमध्ये पेनाच्या पाच ओळी उमटल्या आहेत, उजेड तिरपा पडला तरच दिसणाऱ्या. दुपारी खोली रिकामी असताना ते आचाऱ्यांना आत घेऊन आले. आचारी वाकले आणि चौथ्या ओळीवरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. मिस्त्री म्हणाले, “बसा की मेहुणे.” पण ते बसले नाहीत.